उंदराचं नाक आतून बघायचंय? घुबडाची गोळी उघडा

उंदराचं नाक म्हणून आपण बघतो ते गुलाबी, ओलसर, सारखं थरथरणारं टोक. ते नुसतं दार आहे. खरं नाक त्या दारामागे सुरू होतं, दोन डोळ्यांच्या मधून मागे जातं आणि थेट मेंदूला भिडतं. उंदराची कवटी हातात घेतली की निम्म्याच्या आसपास कवटी नाकानेच व्यापलेली दिसते. त्या पोकळीत कागदाहून पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, चाळणीसारखं भोकं पडलेलं एक हाड असतं, आणि तळाशी, पडद्याच्या पायथ्याशी, दुसरंच एक छोटं नाक लपलेलं असतं.

हे सगळं घरी किंवा शाळेत स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, आणि त्यासाठी एकही जनावर मारावं लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतलं विच्छेदन थांबवलं. निर्णय चांगलाच होता, पण त्यानंतर पुष्कळ मुलांसाठी प्राण्याचं शरीर म्हणजे फक्त पुस्तकातली आकृती उरली. आपल्या खानदेशात याला सोपा उपाय आहे. गव्हाणी घुबड रोज रात्री शेतातले उंदीर गिळतं आणि हाडं-केस पचत नाहीत म्हणून त्यांची गोळी करून ओकून टाकतं. त्या गोळीत कवटी असते. अमळनेर-पारोळ्याच्या बाजूला बोरीकाठच्या गावांतून मी या गोळ्या गोळा करतो आणि मुलांबरोबर उघडतो. करून, चुकून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने मांडतो.

गोळ्या शोधणं

गव्हाणी घुबडाला माणसाच्या वस्तीजवळची पडकी, अंधारी जागा आवडते. गावची जुनी गढी, बंद पडलेली जिनिंग, कुणी राहत नाही असं धाब्याचं घर, देवळाच्या शिखरातला कोनाडा, जुन्या बांधीव विहिरीतली कपार अशा जागा बघा. भिंतीवरून खाली चुन्यासारखे पांढरे ओघळ आलेले दिसले की त्याच्या बरोबर खाली नजर टाका. गोळी साधारण अंगठ्याएवढी, कधी त्याहून जाड असते. ताजी असेल तर काळी आणि चकाकणारी, लाखेचा हात दिल्यासारखी. जुनी झाली की राखाडी होते आणि बोट लावलं तरी सुटते. मांजराच्या किंवा कोल्ह्याच्या विष्ठेशी गल्लत होऊ शकते. विष्ठेला घाण वास येतो आणि तिच्यातली हाडं चावून चुरा झालेली असतात. घुबडाच्या गोळीला धुळीचा, ओल्या लोकरीसारखा वास असतो, आणि हाडं बऱ्याच अंशी शाबूत असतात, कारण घुबड भक्ष्य गिळतं आणि त्याच्या पोटातलं आम्ल ससाण्या-घारीच्या मानाने सौम्य असतं.

कापूस वेचून झाल्यावर, दादर ज्वारी उभी असताना, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. पावसाळ्यात गोळ्या विरघळतात. उन्हाळ्यात गोळ्या कोरड्या ठणठणीत मिळतात, पण पंचेचाळीस अंशांत पडक्या भिंतींत फिरू नये. जायचंच असेल तर सकाळी सातच्या आत.

दिवसा जा, एकट्याने जाऊ नका आणि घरमालकाला विचारून जा. वरून फिस्कारल्यासारखा, घोरल्यासारखा आवाज आला तर पिल्लं आहेत असं समजा आणि लगेच परत फिरा. वटवाघळांच्या विष्ठेचा थर साचलेल्या बंद खोलीत पाय ठेवू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. घुबडाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पीस, अंडं, घरटं कशालाही हात लावायचा नाही. शाळा-कॉलेजचा मोठा प्रकल्प असेल तर वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाला आधी लेखी कळवावं. आणि घुबड नेमकं कुठे बसतं, हे फोटोसकट कुठेही टाकू नका. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक फिरतात.

गोळी हातमोजे घालून उचला आणि खाकी पाकिटात ठेवा. पाकिटावर पेन्सिलीने गाव, तारीख, जागा आणि आजूबाजूचं पीक लिहा. प्लास्टिकची पिशवी वापरू नका. माझ्या पहिल्या तीस-एक गोळ्या मी प्लास्टिकच्या डब्यात बंद केल्या होत्या. दोन आठवड्यांनी बुरशी धरली आणि कसरीच्या अळ्यांनी केस खाऊन नुसता भुगा केला.

आधी ताप, मग हात

उंदराबरोबर रोग येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गोळीत साल्मोनेलासारखे जंतू जिवंत राहू शकतात. म्हणून उघडण्याआधी ती तापवायची. गोळी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि कुकरमध्ये जाळीवर, पाण्याच्या वर ठेवा. प्रेशर आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं. भाताला लावतो तशा तीन शिट्ट्यांवर भागवू नका. हा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. भंगारवाल्याकडून जुना घ्या, पण त्याची शिट्टी आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या. ओव्हन असेल तर फॉइलसकट १६० अंश सेल्सियसला चाळीस मिनिटं.

त्यानंतरही हातमोजे आणि मास्क काढायचे नाहीत. लहान मुलं सोबत असतील तर मधे काही खायचं नाही, हा नियम कडक ठेवा.

सोडवणं

सामान थोडंच लागतं: पांढरी ताटली किंवा टाइलचा तुकडा, दोन टोकदार चिमटे, रंगकामाचा दोन नंबरचा मऊ ब्रश, चहाची बारीक गाळणी, सुई नसलेली सिरिंज आणि दहापट भिंग. भिंग सोनाराकडचं घ्या, डोळ्याला लावायचं. जळगाव जिल्ह्यात सोनार शोधत फिरावं लागत नाही, आणि जुनं भिंग कुणीही हसत देतं.

गोळी कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून, तासभर भिजवा. मग दोन चिमट्यांनी केस बाजूला करत जा. कवटी दिसली की ओढायची नाही. नाकाचं टोक सगळ्यात नाजूक असतं आणि ते केसांच्या गुंत्यात अडकलेलं असतं. कवटीच्या सगळ्या बाजूंचे केस सुटेपर्यंत पाण्यातच ठेवा. एका गोळीत तीन-चार जनावरंही निघतात. ताटलीतलं पाणी फेकण्याआधी गाळणीतून गाळा, सुटलेले दात तिथे सापडतात.

नाकाच्या पोकळीत केस आणि माती भरलेली असते. ती टोकरून काढू नका. सिरिंजने मागच्या बाजूने हळूहळू पाणी सोडलं की घाण पुढच्या भोकातून बाहेर येते. पुढून पाण्याचा जोर दिलात तर आतल्या गुंडाळ्या चुरडतात.

पांढरी करायची असेल तर मेडिकलमधलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात पाणी घालून पातळ करा. मोठ्या कवट्या दोन-तीन तास, चिमुकल्या अर्धा-पाऊण तास. कपडे धुण्याचं ब्लीच मात्र अजिबात नको. पहिल्या वर्षी मी तेच वापरलं. सकाळी पाहिलं तर कवट्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, पण आतून रिकाम्या. जे बघायला एवढी खटपट केली ती नाकाची हाडं रात्रीत विरघळून गेली होती. उकळू पण नका, दात गळतात.

कुणाची कवटी आहे?

पहिला प्रश्न: पुढे पटाशीसारखे दोन लांब दात, मग मोकळी जागा, मग दाढा? तर तो कृंतक, म्हणजे उंदीर-घुशीच्या कुळातला. दात पुढून मागेपर्यंत सलग, टोकदार, पांढरे, आणि गालाचं हाड मुळी नाहीच? तर ती चिचुंद्री. तिच्या जबड्यात तीस दात असतात आणि वरचे पुढचे दोन आकड्यासारखे वाकलेले असतात. ही दोन नाकं शेजारी ठेवून बघण्यासारखी असतात, त्यामुळे चिचुंद्रीची एक कवटी मिळेपर्यंत गोळ्या उघडत राहा.

कृंतकांत पुढे जायचं तर पटाशीच्या दातांवर नजर टाका. वरच्या दातावर उभी खाच आहे आणि कानामागची हाडं फुग्यासारखी टपोरी आहेत, तर तो हरणा उंदीर, शेपटीला झुपका असलेला, उड्या मारत पळणारा. खाच आहे पण कानाची हाडं बेताची, तर झुडपी उंदीर असू शकतो. खाच नाही, कवटी दणकट, चार सेंटिमीटरच्या आसपास, पटाशी रुंद, तर शेतातली लहान घूस. कवटी जेमतेम दोन सेंटिमीटर, तर शेतातली लहान उंदरी. नाव नक्की झालं नाही तरी हरकत नाही. नाक सगळ्यांचं एकाच आराखड्यावर बांधलेलं असतं.

बाहेरून वाचन

कवटी उजव्या हाताला नाक येईल अशी धरा. वरून दोन लांब, अरुंद हाडं जोडीने पुढे येताना दिसतील. ते नाकाचं छप्पर. पट्टीने त्यांची लांबी मोजा, मग सगळ्या कवटीची मोजा आणि वहीत लिहा. बाजूने डोळ्याच्या खोबणीसमोर एक फट दिसेल. तिच्यातून जबड्याचा एक स्नायू जातो आणि मिशांची नस पण. वास घेणं आणि मिशा हलवणं ही उंदराची एकाच ठेक्यात चालणारी कामं आहेत. शांत बसलेला उंदीर सेकंदाला एक-दोनदा श्वास घेतो, पण काही हुंगायला लागला की तोच वेग सेकंदाला सहा, आठ, दहापर्यंत जातो, आणि मिशा त्याच ठेक्यावर पुढे-मागे होतात.

आता कवटी उलटी करा. पटाशीच्या दातांमागे, टाळूच्या हाडात, तांदळाच्या दाण्यासारख्या दोन लांबट फटी दिसतील, शेजारी शेजारी. माझ्या मते अख्ख्या कवटीतली सगळ्यात महत्त्वाची खूण हीच. तोंड आणि नाक यांना जोडणारी नळी इथून जाते. फटीतून भिंगाने आत बघा. नाकाच्या पडद्याच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना, टरफलासारखी पातळ पन्हळ दिसते. बऱ्याच गोळ्यांत ती गळालेली असते, पण धीर धरून दहा कवट्या बघितल्या तर एखादीत सापडते. त्या पन्हळीत जेकबसनचा अवयव बसतो. त्याच्याकडे पुढे येतो.

टॉर्चचा प्रयोग

गव्हाणी घुबड उंदराला मानेवर, डोक्यामागे चावून मारतं. त्यामुळे गोळीतल्या पुष्कळ कवट्या मागून फुटलेल्या असतात. लोकांना ते नुकसान वाटतं, पण आपल्याला त्याचा फायदाच होतो. फुटलेल्या बाजूने मेंदूच्या पोकळीत थेट बघता येतं.

खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च सुरू करून त्यावर काळा कागद धरा आणि कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडा. नाकाचं पुढचं भोक त्या उजेडावर टेकवा आणि मागच्या फुटलेल्या बाजूने भिंग लावून आत बघा. पोकळीच्या पुढच्या टोकाला एक छोटी खोलगट जागा दिसेल, आणि तिच्या भिंतीवर उजेडाचे बारीक ठिपके. एक-दोन नाहीत, मोजता येणार नाहीत एवढे. आठवीतल्या एका मुलाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो भिंग न काढताच ओरडला, "सर, हाई ते पीठनी चाळणी शे!"

बरोबर, चाळणीच. तिचं शास्त्रीय नाव क्रिब्रिफॉर्म प्लेट, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थही चाळणीसारखी. नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींचे धागे या भोकांतून मेंदूत शिरतात. डोळ्याची, कानाची नस एकेका वाटेने जाते, पण वासाला शेकडो बारीक दारं लागतात. त्या खोलगट जागेत घ्राणकंद बसलेला असतो, मेंदूचा वास वाचणारा भाग. खोलगट जागेचा आकार मेंदूच्या उरलेल्या पोकळीशी ताडून बघा. आपल्या डोक्यात घ्राणकंद काडेपेटीतल्या काडीच्या टोकासारखा, मेंदूच्या खाली दबलेला असतो. उंदरात तो मेंदूच्या पुढे, ऐसपैस बसलेला असतो.

नाक उघडणं

हे सगळ्यात वेळखाऊ काम. त्यासाठी चांगली कवटी वाया घालवू नका, मागून फुटलेलीच घ्या. पांढरा गोंद पाच पट पाण्यात पातळ करा, कवटी त्यात बुडवून काढा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. आतल्या पापुद्र्यांना त्याने आधार मिळतो. मग गालाचं हाड चिमट्याने मोडून टाका. चारशे नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवा आणि कवटीची एक बाजू त्यावर कोरडीच, अगदी हलक्या हाताने घासत जा. मास्क हवाच. दर वीस-पंचवीस घासांनी थांबा, ब्रशने झटका आणि बघा. इथे तीन वेळा मुद्दाम थांबायचं.

पहिला थांबा बाहेरची भिंत गेली की. आत कापलेल्या अळूवडीसारख्या गुंडाळ्या दिसतील. हीच टर्बिनेटं. पुढच्या भागातल्या गुंडाळ्या हवेसाठी. आत येणारी हवा त्यांच्यावरून जाताना गरम आणि ओली होते, बाहेर जाताना गार होते आणि तिच्यातलं पाणी परत नाकातच जमतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कांगारू रॅटवर नट श्मिट-नील्सन आणि डोनाल्ड जॅक्सन यांनी १९६४ मध्ये हे मोजून दाखवलं. त्याच्या नाकातून बाहेर पडणारी हवा अंगाच्या तापमानापेक्षा पुष्कळ गार असते, आणि त्यामुळे त्याचं श्वासावाटे जाणारं पाणी वाचतं. ओल्या माठावर वारा लागून पाणी गार होतं, तसंच. भुसावळच्या मे महिन्यात बिळात तग धरणाऱ्या जनावराला अशा नाकाचं काय मोल असेल, ते आपल्याला कळतं.

दुसरा थांबा मधला पडदा लागला की. वाळलेल्या कवटीत पडद्याचा पुढचा, कूर्चेचा भाग नसतो. मागचा हाडाचा भाग दिसतो, आणि खाली वोमर नावाचं नांगराच्या फाळासारखं हाड.

तिसरा थांबा पडदा सुईने अलगद सोडवल्यावर. आता पलीकडच्या बाजूच्या गुंडाळ्या कापल्या न जाता, पूर्ण दिसतात. मागच्या भागात, चाळणीच्या अगदी पुढे, चार-पाच आडव्या घड्या एकाखाली एक दिसतील, चुण्या घातलेल्या परकरासारख्या. वास ओळखणारं पटल जिवंतपणी या घड्यांवर पसरलेलं असतं. एवढ्याशा पेटीत जास्तीत जास्त पटल बसावं म्हणून ही घडी. आणि त्या घड्यांच्या तळाशी एक पातळ आडवी फळी आहे का, ते शोधा. ही फळी नाकाचे दोन मजले करते. खालच्या मजल्यावरून श्वास घशाकडे जातो. वरचा मजला मागे बंद आहे, आंधळी गल्लीच. हुंगलेली हवा तिथे शिरते आणि उच्छ्वासाने लगेच धुतली जात नाही, वास मुरायला वेळ मिळतो. आपल्या नाकात ही फळी नाही.

सगळ्या कवट्यांत हे तिन्ही थांबे साधत नाहीत. माझ्या हातून पाचातली एक-दोन नीट निघते.

हाडांवर जे नव्हतं ते

कवटी आपल्याला घराचा सांगाडा दाखवते. राहणारे निघून गेलेले असतात. ते कोण होते, एवढं माहीत असलं की हाडं बोलायला लागतात.

घड्यांवरच्या पटलात लाखो चेतापेशी असतात आणि त्यांची केसाळ टोकं चिकट पाण्यात बुडालेली असतात. वासाचा कण त्या पाण्यात विरघळतो आणि टोकावरच्या ग्राहकाला, म्हणजे वास पकडणाऱ्या रेणूला, चिकटतो. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचं कुटुंब शोधलं, आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरउंदरात अशी चालती जनुकं सुमारे अकराशे आहेत, माणसात चारशेच्या घरात. एका पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक. एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे धागे चाळणीतून गेल्यावर घ्राणकंदात ठरलेल्या ठिपक्यांवर एकत्र येतात. वांग्याच्या भरताचा वास म्हणजे त्या कंदावर पेटलेल्या ठिपक्यांची एक विशिष्ट रांगोळी. भरीत करताना कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर, तेल, लसूण, हिरवी मिरची असे शेकडो कण एकदम येतात, आणि तरी आपण डोळे मिटून "भरीत" म्हणतो. या पेशी उघड्यावर असल्याने मरत राहतात आणि तळाशी नव्या तयार होतात. चेतापेशी आयुष्यभर अशा नव्याने येत राहाव्यात, ही शरीरातली फार दुर्मिळ गोष्ट आहे.

दोन नाकपुड्यांचा उपयोग काय, यावर एक सुंदर काम बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात झालं आहे. राघव राजन, जेम्स क्लेमेंट आणि उपिंदर भल्ला यांनी २००६ मध्ये दाखवलं, की उंदीर एक-दोन हुंगण्यांत वास डावीकडून येतोय की उजवीकडून हे ओळखतो. दोन कानांनी आपण आवाजाची दिशा ओळखतो, त्याच रीतीने. एक नाकपुडी बंद केली की उंदराला ते जमेनासं होतं.

दुसरं नाक

आता त्या टाळूतल्या फटींकडे परत येऊ. लुडविग जेकबसन हा डॅनिश वैद्य. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सस्तन प्राण्यांतल्या या अवयवाचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. पडद्याच्या पायथ्याशी दोन बंद नळ्या, प्रत्येकीला पुढे एकच बारीक तोंड. उंदरात ते तोंड थेट नाकात उघडतं. नळीशेजारी एक मोठी रक्तवाहिनी असते. ती आकसली की नळीत पोकळी होते आणि ओला वास आत ओढला जातो, फुगली की बाहेर ढकलला जातो. पिचकारीच म्हणा. हवेत उडणारे हलके कण हा याचा मुख्य विषय नाही. मूत आणि ग्रंथींच्या स्रावातले जड, न उडणारे कण हा वाचतो: नर की मादी, ओळखीचा की परका. १९५९ मध्ये हिल्डा ब्रूस यांनी दाखवलं, की नुकत्याच गाभण राहिलेल्या उंदरीला परक्या नराचा वास लागला तर गर्भ टिकत नाही. हा निरोप याच अवयवातून जातो. घ्राणकंदाच्या मागे त्याच्यासाठी वेगळा छोटा कंद असतो.

उंदरात हे काम चालू असताना दिसत नाही. बोकडात दिसतं. शेळी मुतली की बोकड त्यात तोंड घालतो, मान वर करतो, वरचा ओठ मुडपून दात नसलेली वरची हिरडी उघडी टाकतो आणि क्षणभर थिजल्यासारखा उभा राहतो. आपण म्हणतो बोकड हसतोय. तो त्या वेळी वास जेकबसनच्या अवयवाकडे पोचवत असतो. ज्यांना मांसाहार चालतो त्यांनी खाटकाकडून न भाजलेली मुंडी आणावी. वरच्या हिरडीच्या लगेच मागे, टाळूच्या मधोमध, एक छोटा उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं दिसतील. झाडूची पातळ काडी तेलात बुडवून, जोर न लावता आत सरकवा. ती वर आणि मागे, नाकाकडे जाते. उंदराच्या कवटीतल्या फटी इथे मांसासकट बघायला मिळतात.

आणखी दोन चिमुकले अवयव उंदराच्या नाकात आहेत, पण हाडांवर त्यांची खूण उरत नाही. अगदी टोकाशी ग्रुनेबर्ग गँगलियन, ज्याला दुसऱ्या उंदराने भीतीने सोडलेला इशाऱ्याचा वास कळतो. पडद्यावर मागे सेप्टल ऑर्गन नावाचं घ्राणपटलाचं एकाकी बेट.

चिचुंद्रीजवळ थांबा

चिचुंद्रीला घराघरात फटके पडतात, आणि तिच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. ती उंदीर नाही. ती झुरळं, किडे, गांडुळं खाते. तिच्या कुशीत वासाच्या ग्रंथी असतात, तो उग्र दर्प तिथला. डोळे बारीक, नजर अधू, आणि बहुतेक सगळं जग नाकातून येतं. रात्री स्वयंपाकघरात लाल उजेडाची बॅटरी लावून शांत बसा. भिंतीच्या कडेने जाताना तिचं लवचिक नाक डावी-उजवीकडे, वर-खाली सतत फिरत असतं. जबड्याच्या कितीतरी पुढे आलेलं ते टोक मांसाचं आहे, म्हणून कवटीत दिसत नाही. कवटीचा पुढचा भाग मात्र लांब, निमुळता. उंदराच्या आणि तिच्या कवटीला एकच टॉर्चचा प्रयोग करा आणि दोन्हींच्या चाळण्यांचं चित्र पेन्सिलीने काढा.

तिच्या लांबच्या नात्यातल्या अमेरिकन पाणचिचुंद्रीचं एक काम केन कॅटानिया यांनी २००६ मध्ये उघड केलं. ती पाण्याखाली नाकातून बुडबुडा सोडते, तो वस्तूला टेकवते आणि परत आत ओढते. बुडबुड्यातून वास आत येतो.

शेतात याचा उपयोग

गावात गोळ्या उघडत बसलो की शेतकरी भाऊ हमखास विचारतात, की एवढं नाक आहे तर उंदीर विषाचं आमिष का खातो? सुरुवातीला खात नाहीच. नव्या वस्तूपासून उंदीर लांब राहतो, आणि झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या विषाला लसणासारखा वास येतो. थोडं खाऊन पोटात कळा आल्या आणि जीव वाचला, तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिळाशी तेल चोळलेला नुसता भरडा ठेवायचा. यामागे आणखी एक गोष्ट आहे. बेनेट गॅलेफ यांच्या प्रयोगांतून कळलं, की उंदीर साथीदाराच्या तोंडाचा वास घेतो, आणि त्याने खाल्लेलं अन्न मग स्वतःही पसंत करतो. श्वासातला कार्बन डायसल्फाइड हा त्या वासातला खात्रीचा शिक्का. नुसत्या भरड्याची खबर अशी बिळाबिळांतून तोंडोतोंडी जाते.

पण विष हा शेवटचा उपाय ठेवा. रक्त पातळ करणारी विषं खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबड आधी उचलतं आणि तेही मरतं. बांधावर टी आकाराचे पक्षीथांबे उभे करा, गढीतलं घुबड राहू द्या.

जपून ठेवणं

कवटी पूर्ण वाळल्यावर काडेपेटीत कापसावर, टाळू वर करून ठेवा, म्हणजे त्या दोन फटी झाकण उघडताच दिसतात. खालचा जबडा सोबतच ठेवा, वेगळा झाला की कुणाचा ते कळत नाही. पेटीच्या तळाला पाकिटावरचीच माहिती पेन्सिलीने उतरवा: गाव, तारीख, जागा, पीक, आणि मोजलेल्या दोन लांब्या. शाई पावसाळ्यात फुटते.